घोड्यावरचा पाहुणा आणि पाटाचे पाणी

वाचकहो, या पानावर मी सिनेमाविषयी लिहिणार म्हटल्यावर तुमच्यापैकी काही जण हसतील. कृषी विस्तार अधिकाऱ्याने बोंडअळीवर लिहावे, हरभऱ्याच्या मर रोगावर लिहावे, फार तर ठिबकच्या अनुदानावर चार ओळी लिहाव्यात. अमेरिकेतल्या घोडेस्वारांच्या जुन्या सिनेमाशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो पाण्याचा आहे. जरा धीर धरून वाचा.

घोडा, पिस्तूल आणि रुंद टोपी असलेले इंग्रजी सिनेमे तुम्ही टीव्हीवर येता-जाता पाहिले असतील. मी म्हणतो ते त्याहून जुने आणि त्याहून स्वस्त. साधारण 1930 ते 1954 या काळात अमेरिकेत असे सिनेमे अक्षरशः घाण्यातून काढावेत तसे निघत होते. नायक तोच, त्याचा घोडा तोच, सोबतचा विनोदी गडी तोच, फक्त गोष्ट नवी. हॉपलाँग कॅसिडी नावाच्या एकाच नायकाचे 1935 ते 1948 या काळात 66 सिनेमे आले. ‘थ्री मेस्किटीअर्स’ नावाच्या तीन मित्रांचे 1936 ते 1943 या आठ वर्षांत 51. आपल्याकडे गणपतीपुढे दरवर्षी नवा वग बसवतात ना, तसाच प्रकार. तमाशातला सोंगाड्या बदलत नाही, लोकही बदलू देत नाहीत.

हे सिनेमे इतके स्वस्तात का काढत, याचे गणित शेतकऱ्याला चटकन कळेल. 1929 नंतर अमेरिकेत मोठी मंदी आली. लोकांच्या खिशात पैसा नव्हता, म्हणून थेटरवाल्यांनी एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायला सुरुवात केली. पहिला मोठ्या नटांचा. त्याच्या उत्पन्नातला हिस्सा कंपनीला मिळे. दुसऱ्याला मात्र ठरावीक भाडे, मग थेटर भरो की रिकामे राहो. म्हणजे पेरणीआधीच भाव ठरलेला आणि तो वाढण्याची आशा नाही. अशा वेळी शहाणा माणूस खर्च कमी करतो. मग सिनेमा पाच-सहा दिवसांत उरकायचा, लांबी तासाच्या आत, घोड्यांच्या पळापळीची जुनी रिळे पुन्हा नव्या सिनेमात जोडायची, आणि डोंगर-दगड तर फुकटच.

हे सिनेमे पाहायचे कोण? मोठ्या शहरांतल्या झगमगीत थेटरांना त्यांचे फारसे सोयरसुतक नव्हते. ते चालत लहान गावांत, तालुक्याच्या ठिकाणी. शनिवारी शेतकरी कुटुंब बाजाराला यायचे, बाप माल विकायचा, आई मीठ-साखर घ्यायची आणि पोरे सिनेमात बसायची. म्हणून यातला दुष्ट माणूस कोण असतो ते पाहा. दरोडेखोर असतात, पण त्यांच्या मागे हटकून एखादा कोट घातलेला, गावात मान असलेला माणूस निघतो. कधी तो बँकवाला असतो, कधी जमिनीचा दलाल, कधी पाण्याच्या कंपनीचा मालक. कर्जाची मुदत संपायच्या आत शेतकऱ्याला त्याची गुरे बाजारात पोहोचवू द्यायची नाहीत, हा यांचा आवडता डाव.

‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’ हा 1933 चा सिनेमा घ्या. जॉन वेन हा पुढे फार मोठा झालेला नट त्यात तरुण आहे. (तो त्यात गाणेही म्हणतो, पण आवाज दुसऱ्याचा आहे, ऐकताना लगेच कळते.) किनकेड नावाच्या माणसाने खोऱ्यातले पाणी ताब्यात घेतले आहे. शेतकऱ्यांनी तो म्हणेल त्या दराने पाण्याचा करार करावा, नाहीतर जमीन सोडून जावे. दुसरी विहीर एकाच म्हाताऱ्याच्या रानात, आणि किनकेडचा तिच्यावर डोळा. नायक सरकारचा गुप्त माणूस. तो किनकेडच्या पोटात शिरतो आणि ती विहीर सुरुंगाने उडवून द्यायची मसलत त्यालाच देतो. सुरुंग उडतो आणि जमिनीखालचा प्रवाह मोकळा होऊन सगळ्या खोऱ्यात पाणी खळाळते. भूजलाच्या दृष्टीने हे कितपत बसते ते विचारू नका. सुरुंगाने पाणी लागते आणि सुरुंगाने पाणी जातेही, हे आपल्याकडच्या विहीरवाल्यांना ठाऊक आहे. पण ते पाणी वाहताना पाहून 1933 च्या उन्हाळ्यात होरपळलेल्या त्या शेतकऱ्यांच्या पोरांना काय वाटले असेल, हे मला समजते.

जीन ऑट्री हा गाणारा काउबॉय यांच्यात सगळ्यांत लाडका. रेल्वेत तार खात्याचे काम करता करता तो गायक झाला. त्याच्या सिनेमांत घोड्यांबरोबर मोटारी, रेडिओ, विमानेही असतात. म्हणजे गोष्ट जुन्या काळातली नसून प्रेक्षकांच्याच काळातली. 1936 च्या ‘रेड रिव्हर व्हॅली’त तो चक्क पाटकरी होतो. होय, पाटावर घोड्यावरून फिरून पाण्यावर लक्ष ठेवणारा पाटकरी. आधीचे पाटकरी मारले जात असतात, म्हणून तो ती नोकरी मागून घेतो. पाटकरी नायक असलेला दुसरा सिनेमा जगात असेल तर मला कळवा. आपल्याकडे पाटकऱ्याला शिव्याच मिळतात.

या ऑट्रीची एक गोष्ट खतदुकानासमोर रांगेत उभे राहिलेल्या प्रत्येकाला पटेल. युरिया हवा असेल तर सोबत ही बाटलीही घ्या, याला आपण लिंकिंग म्हणतो. ऑट्रीची रिपब्लिक कंपनी लहान थेटरवाल्यांशी तेच करत असे. ऑट्रीचे सिनेमे हवेत, तर आमचे बाकीचेही घ्या. ही तक्रार थेटरवाल्यांकडून ऑट्रीच्या कानावर गेली. त्याची स्वतःच्या पगाराबद्दलही नाराजी होती. 1938 मध्ये तो काम सोडून निघून गेला. तेव्हा कंपनीने त्याच्यासाठी ठरलेल्या सिनेमात एक नवा पोरगा उभा केला. लिओनार्ड स्लाय त्याचे खरे नाव. ओहायो राज्यातल्या एका लहान शेतावर वाढलेला. मंदीत घरच्यांबरोबर कॅलिफोर्नियात आला आणि मजुरांच्या छावणीत राहून पीच तोडायचे काम त्याने केले. पडद्यावर त्याचे नाव झाले रॉय रॉजर्स.

त्या पहिल्या सिनेमाचे नाव ‘अंडर वेस्टर्न स्टार्स’. दुष्काळ पडला आहे, मातीची वादळे उठत आहेत, गुरे मरत आहेत आणि धरणाचे पाणी मात्र एका कंपनीच्या ताब्यात. पाण्यावरून पशुपालक आणि कंपनीची माणसे यांची झटापट होते. लोक रॉयला निवडून वॉशिंग्टनला, म्हणजे त्यांच्या दिल्लीला, पाठवतात. तिथे तो काय करतो? पुढाऱ्यांना जमवून दुष्काळाचा सिनेमा दाखवतो. मला हा प्रसंग फार आवडला. आमच्या लहानपणी सरकारी गाडी गावात येऊन पडदा बांधायची आणि शेतकऱ्यांना सिनेमा दाखवायची. इथे शेतकरी सरकारला सिनेमा दाखवतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा सिनेमा जिथे चित्रित झाला त्या जागेची हकिगत मी वाचली आणि तेव्हापासून हे सिनेमे मला वेगळे दिसू लागले.

कॅलिफोर्नियात ओवेन्स नावाचे एक लांबट खोरे आहे. पश्चिमेला सिएरा नेवाडाचे बर्फाचे डोंगर, पायथ्याशी लोन पाइन हे लहानसे गाव, आणि गावालगत अलाबामा हिल्स नावाच्या गोल गोल तांबूस दगडांच्या टेकड्या. दगडांच्या या टेकड्यांत शेकडो सिनेमे निघाले. हॉपलाँग कॅसिडी इथेच दौडला, जीन ऑट्री इथेच गायला. ‘किंग ऑफ द पेकोस’ (1936) हाही इथलाच. त्यात पाण्याच्या जागेसाठी ज्याचे आईबाप मारले गेले तो मुलगा वकील होऊन परत येतो आणि आधी कोर्टात उभा राहतो, बंदूक नंतर. यातली बरीच भांडणे पाण्याची, आणि शेवटी पाणी शेतकऱ्याला मिळते.

खऱ्या ओवेन्स खोऱ्यात पाणी शेतकऱ्याला मिळाले नाही.

डोंगराचे बर्फ वितळून ओवेन्स नदीला येणाऱ्या पाण्यावर तिथे सफरचंदाच्या बागा, लसूणघास, गुरे असे सगळे चालले होते. 1902 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने सिंचनाचा कायदा केला आणि या खोऱ्यात सरकारी सिंचन योजना येणार अशी चर्चा सुरू झाली. त्याच सुमारास फ्रेड ईटन नावाचे गृहस्थ खोऱ्यात जमिनीचे आणि पाण्याचे हक्क विकत घेत फिरू लागले. हे सरकारी योजनेसाठीच घेत असावेत, असा पुष्कळांचा समज झाला. प्रत्यक्षात ते दक्षिणेला तीनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या लॉस एंजेलिस शहराचे माजी महापौर होते. शहराला पाणी हवे होते. विल्यम मुलहॉलंड या अभियंत्याने 233 मैल लांबीचा, म्हणजे सुमारे 375 किलोमीटरचा जलमार्ग बांधला आणि 1913 च्या नोव्हेंबरात ओवेन्सचे पाणी शहरात पोहोचले. नुसत्या उताराने, एकही पंप न लावता. अभियांत्रिकी म्हणून मी टोपी काढतो. पण त्या पाण्याखाली ज्यांचे रान भिजत होते, त्यांचे काय?

शहर एकेक जमीन विकत घेत गेले. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाई. एका चारीवरच्या चार जणांनी विकले की पाचव्याचे पाणी तोडणे सोपे. (भाऊबंदकीत बांधावरची विहीर कशी अडते, हे तुम्हाला मी सांगायला नको.) 1924 च्या मे महिन्यात कोणीतरी जलमार्गाला सुरुंग लावला. मग 16 नोव्हेंबरला सत्तरएक माणसे मोटारींतून आली आणि अलाबामा हिल्सजवळचे जलमार्गाचे दरवाजे त्यांनी ताब्यात घेतले, उघडले आणि शहराकडे निघालेले पाणी पुन्हा नदीच्या कोरड्या पात्रात सोडले. चार दिवस दरवाजे त्यांच्या ताब्यात होते. खोऱ्यातली माणसे कुटुंबांसह तिथे जमली. बायका स्वयंपाक घेऊन आल्या, आचमने नव्हे, पंगती उठल्या. त्या वेळचा सर्वांत नावाजलेला सिनेमातला काउबॉय टॉम मिक्स जवळच चित्रीकरण करत होता. त्याने आपली वाजंत्री मंडळी तिकडे पाठवली. खरे शेतकरी आणि पडद्यावरचा गुराखी एका ठिकाणी आले ते असे.

पुढे काय झाले? वाटाघाटीच्या आश्वासनावर लोक उठले. शेतकऱ्यांचे पुढारी होते वॉटरसन बंधू. खोऱ्यातली बँक त्यांचीच. 1927 च्या ऑगस्टमध्ये ती बँक बुडाली. ठेवीदारांच्या पैशांचा अपहार झाल्याचे निघाले आणि दोघे भाऊ तुरुंगात गेले. म्हणजे जमीन शहराने घेतली आणि शिल्लक बँकेत गेली. मोडले ते सगळे तिथेच. काही वर्षांत खोऱ्यातली बहुतेक शेतजमीन शहराच्या मालकीची झाली. नदी ज्या तळ्याला मिळायची ते ओवेन्स तळे आटून त्याच्या जागी खारट धूळ उडू लागली. सिनेमात बँकवाला लबाड असतो आणि पुढारी चांगला; इथे दोन्ही एकाच घरात होते. हे कोणत्या पाच दिवसांच्या सिनेमात बसवणार?

आणि तेव्हाच हे स्वस्त सिनेमेवाले तिथे तळ ठोकून राहू लागले. शेते ओसाड पडलेले खोरे, दर शनिवारी तिथे पडद्यावर शेतकरी जिंकतो. कोणी खुनशीपणाने हे केले असे मी म्हणत नाही. त्यांना दगड स्वस्तात मिळाले, गावाला चार पैसे मिळाले. हॉटेलवाल्यांचे आणि घोडे भाड्याने देणाऱ्यांचे घर त्यावर चालले.

शिवाय या गोऱ्या शेतकऱ्यांच्या आधी तिथे कोण होते, हे तर सिनेमात कधी नीट येतच नाही. पाय्यूट नावाचे मूळ रहिवासी या खोऱ्यात ओढ्यांना बांध घालून, पाट काढून रानकंदांना पाणी देत असत. 1863 मध्ये फौजेने सुमारे हजार पाय्यूटांना चालवत खोऱ्याबाहेर नेले. पुढे त्या पाण्यावर शेती उभी राहिली, आणि मग ते पाणी शहराने नेले. पडद्यावर मात्र हे मूळ लोक बाण मारत ओरडत येतात, एवढेच त्यांचे काम. पोरांना हे सिनेमे दाखवताना ही बाजू आवर्जून सांगावी.

आपल्याकडे याच सुमारास काय चालले होते, याचेही आश्चर्य वाटते. 1925 मध्ये कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. नारायण हरी आपट्यांची गोष्ट, तरुण शेतकऱ्याच्या कामात व्ही. शांताराम. त्यात कोणी घोड्यावरून येत नाही. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीत मजुरीला जातो. पेंटरांनी शेतकऱ्याला हरताना दाखवायचे धैर्य केले.

आता माझ्या घरचे थोडे सांगतो. आमचे जुने गाव धरणात गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आम्हाला दुसऱ्या तालुक्यात जमीन मिळाली, मुरमाड. कालवा येणार, मग सोने पिकेल, असे सांगितले होते. कालव्याचे पाणी आले अकरा वर्षांनी, तोवर वडिलांनी त्या मुरमात हुलगे आणि तूर पिकवून आम्हाला शिकवले. मी शेतीचीच पदवी घ्यावी हा हट्ट त्यांचाच. आज ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना मी गेल्या पावसाळ्यात ‘न्यू फ्रंटियर’ हा 1939 चा सिनेमा दाखवला, शेजारी बसून मराठीत सांगत. ‘थ्री मेस्किटीअर्स’पैकीच हा एक, जॉन वेनचा.

त्याची गोष्ट अशी. न्यू होप नावाचे खोरे. मोठ्या शहराला पाणी हवे म्हणून तिथे धरण होणार, खोरे बुडणार. लोक उठायला तयार नाहीत. तेव्हा कंत्राटदार म्हणतो, त्याऐवजी दुसरीकडे जमीन देतो, तिथे नळाने पाणी आणतो. विशेष म्हणजे लोकांना समजावून तयार करतात ते नायकच. त्यांचा त्या शब्दावर विश्वास असतो. मग कळते की जमीन उजाड आहे आणि पाणी आणायचा कंत्राटदाराचा विचारच नाही.

अण्णा सुरुवातीला घोड्यांवरच खूश होते. नव्या जागेचा उजाड मुलूख पडद्यावर आला तसे म्हणाले, “थांबीव जरा.” मी थांबवले. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिले. “ही जमीन न्हाई. मुरूम हाय ह्यो.” नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. नायकांनी लोकांना समजावले होते, त्या प्रसंगाकडे मात्र परत गेले. “ह्या तिघांनी आधी जाऊन खड्डा काढून बघायचा हुता. हातभर खणलं आसतं तरी कळलं आसतं.” मातीपरीक्षणावर मी तीस वर्षे भाषणे देतो, इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आले नाही.

शेवटी कंत्राटदाराचा डाव उघडा पडतो. मी म्हटले, “अण्णा, चांगलं झालं की.”

“झालं की. पर पानी आल्यावर बारी कुणाची पयली? हेडवाल्याची का टेलवाल्याची? ते न्हाई दावलं.” आणि थोड्या वेळाने, “सुतार, लव्हार, न्हावी कुठं गेलं रं? आपल्यातलं कुठं गेलं, तुला ठावं हाय का?”

मला दोन घरे ठाऊक होती. बाकीची नव्हती. त्यांना जमीन नव्हती, म्हणून जमिनीच्या बदल्यात जमीनही नाही. कोण पुण्याला गेले, कोण कारखान्यावर. अण्णांनी त्या रात्री अकरा नावे सांगितली, मी ती वहीत लिहून घेतली. पाहुणे-रावळ्यांना विचारून त्यातल्या चार घरांचा पत्ता आता लागला आहे.

तुम्हाला पाहायचे असतील तर जॉन वेनचे 1933 ते 1935 मधले पुष्कळसे सिनेमे मोबाइलवर फुकट मिळतात. ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’ त्यातच आहे, 53 मिनिटांचा. इंग्रजी फारसे येत नसले तरी अडत नाही. कोण कोणाचे पाणी तोडतो आहे ते दिसते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत बसवा आणि ती मध्येच थांबव म्हणाली तर थांबवा.

ओवेन्सचे राहिलेच. आटलेल्या तळ्याच्या धुळीवरून आणि कोरड्या नदीवरून खोऱ्याने शहराशी वर्षानुवर्षे कज्जे केले. 2006 च्या डिसेंबरात नदीच्या खालच्या पात्रात पुन्हा पाणी सोडले गेले, थोडे, पण बारमाही. लोन पाइन गावात या सिनेमांचे संग्रहालय आहे, आणि जलमार्ग गावाजवळून पूर्वीसारखाच दक्षिणेकडे वाहतो.